ऐंशी हजार आणि एक कंदील

फातिमा जिनांवर बोलायचे म्हटले की दोन्हीकडून आवाज येतो. एक बाजू विचारते, पाकिस्तानातल्या बाईचा तुम्हाला एवढा पुळका कशाला? दुसरी बाजू, म्हणजे आपलीच, कानाशी लागून सांगते, मियाँ, आधीच दिवस वाईट, त्यात हा विषय कशाला काढता? आमच्या गावच्या एका छोट्या बैठकीत मी हा विषय मांडला तेव्हा मला हे दोन्ही ऐकावे लागले. पहिला प्रश्न विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगितले की, या बाईच्या भावाच्या द्विराष्ट्रवादाशी माझे जन्माचे भांडण आहे, आणि या बाईंनी त्या भावाला अखेरपर्यंत साथ दिली हेही मला ठाऊक आहे. पण वांद्र्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या, १९२३ साली मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर दातांचा दवाखाना थाटणाऱ्या या स्त्रीने एकाहत्तराव्या वर्षी एका लष्करशहाला रस्त्यावर येऊन घाम फोडला. ती गोष्ट सीमेपलीकडची म्हणून मी सोडून देणार नाही.

दुसऱ्या बाजूला, म्हणजे आपल्या माणसांना, उत्तर द्यायला मात्र हा सगळा लेख लागणार आहे. कारण या गोष्टीत ज्यांचा मुखवटा उतरतो ते सगळेच काही पाकिस्तानात राहत नाहीत.

आधी हकीकत सांगतो. ऑक्टोबर १९५८ मध्ये पाकिस्तानात मार्शल लॉ लागला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस जनरल अयूब खान यांनी सत्ता हाती घेतली. पुढच्या वर्षी त्यांनी दोन कामे केली. एक, जुन्या राजकारण्यांना निवडणुकीसाठी अपात्र ठरवणारा हुकूम काढला. पूर्व बंगालचे नेते सुहरावर्दी यांच्यासारखा माजी पंतप्रधानही त्यातून सुटला नाही. आणि दुसरे, ‘मूलभूत लोकशाही’ नावाची एक योजना आणली. नाव किती गोड! योजना अशी की पूर्वेत चाळीस हजार आणि पश्चिमेत चाळीस हजार, असे ऐंशी हजार प्रतिनिधी लोकांनी निवडायचे. हे मेंबर आपापल्या भागातले रस्ते, मोऱ्या, पूल पाहणार. आणि देशाचा अध्यक्षही हेच ऐंशी हजार निवडणार. दहा कोटींच्या आसपास लोकसंख्येचा देश, आणि त्याचे मत ऐंशी हजार मुठींत! १९६० साली याच मेंबरांकडून अयूबनी ‘आमचा तुमच्यावर विश्वास आहे’ असे वदवून घेतले. होकार पंचाण्णव टक्क्यांच्या वर.

अयूब म्हणत, आमची जनता अडाणी आहे, तिला थेट मतदान पेलणार नाही. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा भेटणार आहे.

ऐंशी हजार ही संख्या फार हिशेबाने निवडलेली असते. लोकशाही दिसावी इतकी ती मोठी आहे आणि तहसीलदाराला, पोलीस कप्तानाला, कंत्राटाची फाईल हाती असलेल्या साहेबाला एकेकाला गाठता यावे इतकी लहान. दहा कोटी लोकांना धमकावता येत नाही. ऐंशी हजारांना येते. ज्या मेंबराच्या गावचा पूल साहेबाच्या सहीवर अडकलेला आहे, तो मत कुणाला देणार?

१९६४ साली पाच विरोधी पक्ष एकत्र आले. एकमेकांचे तोंडही न पाहणारे हे पक्ष. डावे होते, अवामी लीग होती, मुस्लिम लीगचा एक गट होता, आणि जमाते इस्लामीही होती. त्यांना एक नाव हवे होते जे अयूबना अपात्र ठरवता येणार नाही. ते सापडले. फातिमा जिना वर्षानुवर्षे सार्वजनिक जीवनातून जवळजवळ बाजूला होत्या. त्यांना बाजूला ठेवलेही होते. १९५१ साली भावाच्या पुण्यतिथीला त्या रेडिओवर बोलत होत्या. मरणाच्या दारात असलेल्या भावाला घेऊन निघालेली रुग्णवाहिका कराचीच्या रस्त्यात बंद पडली आणि तासभर त्या तिथे कशा बसून राहिल्या, हे त्या सांगू लागल्या, आणि नेमका त्याच जागी प्रक्षेपणातून आवाज गेला. ज्या राष्ट्राने भावाला ‘कायदे आझम’ म्हटले आणि बहिणीला ‘मादरे मिल्लत’ म्हटले, त्या राष्ट्राच्या रेडिओला मादरे मिल्लतचा आवाज सोसला नाही. राष्ट्रमातेची तसबीर भिंतीवर चालते. ती बोलू लागली की पंचाईत होते.

अशा स्त्रीने उमेदवारी स्वीकारली तेव्हा सत्तेने रस्ता कसा अडवला ते पाहण्यासारखे आहे. लाठी शेवटी येते. आधी कायदा येतो. घटनेतच सोय करून घेतलेली होती की नवा अध्यक्ष निवडून येईपर्यंत जुना खुर्चीवरच राहील. म्हणजे उमेदवार अयूब खान यांच्या दिमतीला अध्यक्ष अयूब खान यांचे सगळे सरकार! वृत्तपत्रांचा बंदोबस्त आधीच झाला होता. प्रोग्रेसिव्ह पेपर्स ही डाव्या विचारांची प्रकाशनसंस्था १९५९ सालीच सरकारने ताब्यात घेतली होती, १९६३ मध्ये छापखान्यांवर नवा वटहुकूम आला आणि १९६४ मध्ये सरकारच्या मर्जीतला प्रेस ट्रस्ट उभा राहिला. रेडिओ तर सरकारचाच. मग प्रचाराचे नियम आले. अधिकृत प्रचाराला एक महिना. त्यात निवडणूक आयोगाने भरवलेल्या नऊ सभा. त्या सभांना कुणी यायचे? ऐंशी हजारांपैकी त्या भागातले मेंबर आणि पत्रकार. आणि सामान्य माणूस? त्याला दाराशीच मज्जाव!

निवडणुकीच्या सभेत जनतेला येऊ न देणारा कायदा ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याला एक गोष्ट अचूक कळली होती. ज्याला मत नाही त्याच्याकडे रस्ता असतो.

आणि फातिमा जिना रस्त्यावरच गेल्या. त्यांचे निवडणूक चिन्ह कंदील होते. अयूब यांचे गुलाब. पेशावर, लाहोर, कराची, जिथे त्या गेल्या तिथे माणसांचा पूर आला. पूर्व पाकिस्तानात शेख मुजीब त्यांच्या प्रचारात होते. ढाक्याहून चितगावला त्या रेल्वेने निघाल्या. त्या गाडीला लोकांनी ‘फ्रीडम स्पेशल’ म्हटले. गाडी चितगावला पोहोचली ती बावीस तास उशिरा. कारण? स्टेशनात लोक साखळी ओढत, गाडी थांबवत, आणि म्हणत, आम्हाला दोन शब्द सांगून जा. या माणसांपैकी बहुतेकांना त्यांना मत देता येणार नव्हते. तरी ते रुळांच्या कडेला रात्रभर उभे होते. मत नसलेल्या माणसाने उमेदवाराची गाडी थांबवावी, याहून मोठा जाहीरनामा मला तरी ठाऊक नाही.

आता त्या मुखवट्यांकडे वळू.

अयूब खान हे आधुनिक म्हणवणारे गृहस्थ. १९६१ साली त्यांनी मुस्लिम कौटुंबिक कायद्याचा वटहुकूम काढला. निकाहची नोंदणी, दुसऱ्या लग्नाला लवादाची परवानगी, तलाक दिल्यावर लेखी सूचना आणि नव्वद दिवसांची मुदत. हे चांगलेच काम होते, आणि मी ते नाकारणार नाही. आपल्याकडे तोंडी तिहेरी तलाक रद्द व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल यावा लागला. पण हेच आधुनिक अयूब खान, समोर स्त्री उभी राहिली तेव्हा काय करतात? उलेमांना हाताशी धरतात आणि फतवा मिळवतात की इस्लाममध्ये स्त्रीला राष्ट्रप्रमुख होता येत नाही! जी माणसे त्यांच्या कायद्याला कुफ्र म्हणत होती त्यांच्याच बिरादरीतून प्रमाणपत्र आणले. वर बाईंच्या अविवाहितपणावर शेरेबाजी झाली. त्या हिंदुस्थानच्या हस्तक आहेत अशी कुजबुज झाली. बघा, तिकडे नकोसा माणूस हिंदुस्थानचा हस्तक ठरतो. इकडे नकोसा माणूस कुणाचा ठरतो ते मी सांगायला नको.

आणि दुसरा मुखवटा मौलाना मौदूदींचा. स्त्रीची जागा घरात, राजकारण हे तिचे क्षेत्र नव्हे, असे ज्यांनी पानेच्या पाने लिहिले, ते मौलाना १९६४ च्या जानेवारीत तुरुंगात गेले, त्यांच्या जमातीवर बंदी आली, न्यायालयाने ती उठवली, आणि बाहेर येताच मौलानांना साक्षात्कार झाला की असाधारण परिस्थितीत स्त्री राष्ट्रप्रमुख झालेली चालते! म्हणजे जी गोष्ट कयामतपर्यंत बदलणार नाही असे सांगितले जात होते, ती एका निवडणुकीत बदलली. आणि त्याच आघाडीच्या कार्यक्रमात अयूबनी आणलेला कौटुंबिक कायदा बदलण्याचे कलमही घालून घेतले. स्त्रीला पुढे उभे करायचे आणि तिच्या आडून स्त्रियांना मिळालेले तेवढे परत घ्यायचे!

माझे काही प्रागतिक मित्र इथे अडखळतात. ते म्हणतात, मग त्या निवडणुकीत बाजू घ्यायची तर कुणाची? कायदा देणाऱ्या हुकूमशहाची, की कायदा काढू पाहणाऱ्यांच्या गराड्यातल्या स्त्रीची? प्रश्न खोटा नाही. पण उत्तर मला स्पष्ट दिसते. वरून दिलेला हक्क देणाऱ्याच्या मर्जीवर जगतो. तलाकची सूचना ज्या युनियन कौन्सिलच्या अध्यक्षाकडे द्यायची, तो अध्यक्ष त्या ऐंशी हजारांपैकीच एक. ज्याच्या हाती सामान्य बाईचे मत गहाण होते, त्याच्याच हाती तिचा तलाकचा कागद. ज्या दिवशी ती बाई रस्त्यावर येऊन स्वतःचे मत स्वतः टाकेल, त्या दिवशी तिला मिळालेला कायदा तिच्याकडून कुणी सहज काढून घेऊ शकणार नाही. म्हणून रस्ता आधी.

निकाल २ जानेवारी १९६५ च्या मतदानातून लागला. अयूब यांना ४९,९५१ मते, फातिमा जिनांना २८,६९१. हरल्या. पण हे आकडे फोडून पाहा. पश्चिमेत त्यांना १०,२५७ आणि अयूबना २८,९३९. पूर्वेत मात्र त्यांना १८,४३४ आणि अयूबना २१,०१२. म्हणजे धमकी, फतवा, पूल, मोऱ्या, कंत्राटे हे सगळे लागू करूनही पूर्वेतल्या शंभरातल्या शेहेचाळीस मेंबरांनी कंदिलावर शिक्का मारला. ढाका त्यांचे झाले. कराचीही त्यांचेच झाले. आणि त्याच कराचीत दोन दिवसांनी अध्यक्षांच्या मुलाच्या पुढाकाराने विजयाची मिरवणूक निघाली, विरोधात मत दिलेल्या वस्त्यांत शिरली, गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे मेली. जिंकलेल्याला हरलेल्यांची एवढी भीती का वाटावी?

कारण सरकारी निकाल एक होता आणि रस्त्यावरचा निकाल दुसराच होता, हे दोन्ही बाजूंना माहीत होते. चार वर्षांत तोच रस्ता पुन्हा भरला. १९६८ च्या अखेरीपासून विद्यार्थी, कामगार बाहेर पडले आणि २५ मार्च १९६९ ला अयूब गेले. जाताना सत्ता त्यांनी दुसऱ्या जनरलच्या हाती दिली, ही त्यांची लोकशाहीवरची शेवटची श्रद्धा! १९७० मध्ये प्रथमच प्रत्येकाला थेट मत मिळाले, तेव्हा पूर्वेच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० अवामी लीगने घेतल्या. ज्यांना ‘अडाणी’ म्हटले होते त्यांनी इतका स्वच्छ कौल दिला की तो न मानण्यासाठी सैन्य पाठवावे लागले आणि देश फुटला. फातिमा जिना हे पाहायला नव्हत्या. ९ जुलै १९६७ ला त्या गेल्या होत्या.

इथे लेख संपवला तर टाळ्या मिळतील. स्त्री हरली पण इतिहास जिंकला, वगैरे. पण मला टाळ्या नकोत. कारण त्याच ढाक्यातून दुसरी एक गोष्ट निघते आणि ती गैरसोयीची आहे.

फातिमा जिनांसाठी ज्यांनी मते मागितली त्या मुजीबची मुलगी शेख हसीना १९९६ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये बांगलादेशची पंतप्रधान झाली. मुस्लिम स्त्री, लोकांच्या मतांवर निवडून आलेली, मुल्लांना न जुमानणारी. आम्ही भाषणांत तिचे दाखले देत होतो. आणि २०२२ च्या ऑक्टोबरपासून तिच्या विरोधकांनी विभागवार सभा घ्यायला सुरुवात केली तेव्हा काय झाले? सभेची तारीख जवळ आली की त्या शहरातले बसमालक संप पुकारायचे. कुठे बस बंद, कुठे लाँच बंद. सभा झाली की संप मिटला! सरकार म्हणे, हा मालकांचा प्रश्न, आमचा काही संबंध नाही. पण खुलना असो, रंगपूर असो की बारिसाल, लोक दोन-दोन दिवस आधी निघाले. पायी आले, सायकलने आले, होड्यांतून आले. मैदानातच झोपले. ज्या भूमीवर एकेकाळी लोकांनी साखळी ओढून गाडी थांबवली होती, तिथे आता सरकारच गाड्या थांबवत होते आणि लोक चालत होते. ५ ऑगस्ट २०२४ ला तेच रस्ते भरले आणि हसीनांना देश सोडावा लागला. आणि पुढे? मे २०२५ मध्ये नव्या हंगामी राजवटीने अवामी लीगच्याच कामकाजावर बंदी घातली. रस्ता अडवणारा हात बदलला, एवढेच.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. खुर्चीवर स्त्री बसली की पुरुष, दाढीवाला बसला की टाय लावणारा, ही पहिली कसोटी नव्हे. पहिली कसोटी एकच. त्याच्या विरोधकाला त्याच्या राज्यातल्या शेवटच्या खेड्यापर्यंत विनाअडथळा जाता येते का? नसेल, तर ती राजवट ऐंशी हजारांची आहे, मग तिचे नाव काहीही असो.

आता घरात या. ज्यांनी कानाशी लागून मला गप्प राहायला सांगितले, त्यांच्यासाठी हे शेवटचे पान.

आपल्या मोहल्ल्यात निवडणूक कशी होते? उमेदवार घरोघर येतो का? नाही. तो एका शेठच्या दिवाणखान्यात येतो. तिथे चार-पाच वजनदार माणसे असतात. एक कंत्राटदार, एक जमातीचा सदर, एक मदरशासाठी देणगी गोळा करणारा, एक नुसताच लांब कुर्ता घालणारा. बिर्याणी होते, आणि ‘मोहल्ल्याची ठोक मते’ ठरतात. मोबदल्यात कब्रस्तानची भिंत, शादीखान्याचे पत्रे. पूल आणि मोऱ्या! आणि कुणी तरुण म्हणाला की चौकात सभा घ्या, उमेदवाराला सगळ्यांसमोर प्रश्न विचारू द्या, तर उत्तर काय येते? ‘अरे, आपली कौम अडाणी आहे, तिला काय कळते?’ ओळखलेत ना हे वाक्य? अयूब खान १९६९ मध्ये गेले. पण आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात त्यांचे चार-पाच मेंबर अजून सुखाने नांदत आहेत.

आणि बायका? पंचायतीत, नगरपालिकेत राखीव जागा १९९३ नंतर आल्या, महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. माझी फुफी अशाच एका राखीव वॉर्डात उभी होती. फुफांनी बॅनर लावले. फुफांचा फोटो मोठा, नमस्काराचा. खाली फुफीचे नाव, आणि फोटोच्या जागी गुलाबाचे फूल. मी म्हटले, फुफी, तुझा चेहरा कुठे आहे? ती हसून म्हणाली, ‘बेटा, फूल बुरा है क्या?’ अम्मीही हसली, मीही हसलो. आज मला त्या हसण्याची शरम वाटते. फूल वाईट नव्हते. पण मत मागणाऱ्या बाईला चेहरा नाही आणि चेहरा असलेल्या पुरुषाला मत मागायची गरज नाही, ही कुठली निवडणूक? फुफी निवडून आली. सभागृहात फुफा बसले.

उलेमांनी यावर फतवा काढला नाही. कशाला काढतील? फतवा फुफी स्वतः प्रचाराला बाहेर पडली असती तर निघाला असता. चाँदबिबीने अहमदनगरच्या तटावर उभे राहून मोगलांना थोपवले, हे आपण शाळेच्या स्नेहसंमेलनात अभिमानाने सादर करतो, आणि चाँदबिबीची पणती मायक्रोफोन हातात घेते तेव्हा तिच्या आवाजाचाही पडदा असतो असे सांगतो.

फातिमा जिनांची गाडी चितगावला पोहोचली त्यानंतर दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. १८ एप्रिल १९६६. मुंबईत सात मुस्लिम स्त्रिया हमीद दलवाईंबरोबर विधानभवनावर चालत गेल्या. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची मागणी. सात! लोक हसले होते. तिकडे ऐंशी हजारांच्या मुठीत देश होता, इकडे सात बायका रस्त्यावर. कुणाचा इतिहास पुढे सरकला ते २०१७ ने दाखवले. त्या सातजणींकडे ना पक्ष होता ना पैसा. त्यांच्याकडे रस्ता होता आणि त्यावर त्या चालल्या.

तेव्हा मित्रहो, पुढच्या निवडणुकीत शेठच्या दिवाणखान्याचे निमंत्रण आले तर जाऊ नका. उमेदवाराला म्हणा, चौकात ये. तुमच्या वॉर्डात एखादी बाई उभी असेल तर तिच्या नवऱ्याला म्हणा, फूल उतरव, चेहरा लाव. आणि कुणी म्हणाले की कौम अडाणी आहे, तर त्याला विचारा, मियाँ, त्या ऐंशी हजारांपैकी तुमचा नंबर कितवा?